सरासरी पेशीचा पत्ता

डॉक्टर : लॅपटॉपवरची तुझी रेघ पाहिली. उणे पन्नास मिलिव्होल्टच्या आसपास आडवी चालते, मग टोकदार उसळी घेते, उतरताना मुक्कामाच्या थोडी खाली जाते आणि सावकाश जागेवर येते. खाली लिहिलंयस, ‘उंदराच्या मूत्राशयातली स्नायूपेशी’. अरे, पण यात उंदीर कुठे आहे? मला दिसतात ती समीकरणं. माझ्याकडे बोरिवलीहून चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्या बायका येतात. लोकलमध्ये संडास नाही, स्टेशनवरच्याचा भरवसा नाही, म्हणून सकाळी उठल्यापासून अर्धा कप चहा, पाणी नाहीच. तरी अंधेरी येईपर्यंत जीव नकोसा होतो. सॉलिफेनासिन दिलं की घाई कमी होते, पण तोंडाला कोरड पडते, पोट साफ होत नाही, आणि थोड्याच दिवसांत गोळ्या आपसूक बंद होतात. या बायकांना तुझ्या रेघेचा उपयोग काय, ते आधी सांग.

गणिती : उपयोगाकडे येऊच काकू, पण आधी ती रेघ कशाची आहे ते बघू. समीकरणांचीच आहे, कबूल. मात्र सगळी समीकरणं एका जातीची नसतात. पेशीपटल म्हणजे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असा स्निग्ध पापुद्रा. आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त, आणि दोन्ही बाजूंच्या विद्युतभारात किंचित तफावत. एखाद्या पेशीतले सत्तर मिलिव्होल्ट ऐकायला चिल्लर वाटतात, पण एवढ्याशा जाडीवर ते म्हणजे मीटरला सुमारे एक कोटी व्होल्ट. भार कुठे साठला, कुठून वाहिला, याचा जमाखर्च जुळलाच पाहिजे, हे पहिलं समीकरण. त्यात माझी मर्जी चालत नाही. दुसरं नेर्न्स्टचं, १८८९चं. प्रत्येक आयनाचा एक समतोल विभव असतो, तिथे तो जेवढा आत येतो तेवढाच बाहेर जातो, आणि आतबाहेरच्या प्रमाणावरून तो आकडा काढता येतो. हे तुम्हीही वापरताच. डायलिसिसवरच्या माणसाला शहाळं पिऊ नका म्हणून बजावता ते कशासाठी? शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि त्याची किडनी ते बाहेर टाकत नाही. पेशीत पोटॅशियम १४० धरलं आणि रक्तातलं ४ वरून ८ वर गेलं, तर समतोल विभव उणे ९५ वरून उणे ७६ वर येतो. आता साध्या अकलेने विचार करा. पेशी उसळीच्या उंबरठ्याजवळ सरकली, म्हणजे हृदय अधिक चटकन उसळायला हवं. सुरुवातीला थोडं तसं होतंही. पुढे मात्र ईसीजीतल्या लाटा रुंदावत जातात आणि हृदय थांबतं. कारण विभव बराच वेळ वर राहिला की सोडियमच्या चॅनेलांना, म्हणजे पटलातल्या त्याच्या दारांना, उसळीआधीच अडसर पडून जातो. साधी अक्कल एक दिशा दाखवते, समीकरण दुसरी, आणि खरं ठरतं समीकरण.

डॉक्टर : आणि मी काय करते? कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून देते. काही मिनिटांत ईसीजी सुधारतो, रक्तातलं पोटॅशियम तसूभरही उतरलेलं नसतं. हे करायला मला समीकरण लागत नाही. पण नेर्न्स्टबद्दल माझी तक्रार नाहीच. माझी तक्रार तुम्हा लोकांच्या हातचलाखीबद्दल आहे. नेर्न्स्टच्या नावावर विश्वास मिळवायचा आणि तो भलतीकडेच खर्च करायचा. चॅनेल कधी उघडतं, किती वेगाने, पुन्हा कधी बंद होतं, हे सांगणारी तुमची सूत्रं हॉजकिन आणि हक्सली यांची, १९५२ची. त्यांनी माखल्याच्या जाड मज्जातंतूत तार घालून विभव एका जागी धरून ठेवला, प्रवाह मोजले, आणि मग त्या वक्रांवर बसेल असं सूत्र शोधलं. शोधलं म्हणजे बेतलं. पोटॅशियमसाठी ‘एन’ नावाची राशी घेतली आणि तिचा चौथा घात केला. चारच का? त्यांनीच लिहून ठेवलंय की पाचवा किंवा सहावा घात घेतला असता तर आणखी नीट जुळलं असतं, पण तेवढ्यासाठी खटाटोप वाढवण्यात अर्थ नाही. पुढे असंही बजावलंय की गणित प्रयोगाशी जुळलं यावरून ही सूत्रं अनुभवजन्य वर्णनापलीकडे काही आहेत असं समजू नये. मूळ माणसं इतकी सावध. त्यांच्या वारसांच्या निबंधांत ती सावधगिरी मला दिसत नाही.

गणिती : सावध होतीच ती माणसं. पण त्याच निबंधात पुढे काय केलंय तेही बघा. विभव एका जागी खिळवलेला असताना उसळी येत नाही, ती पुढे धावण्याचा तर प्रश्नच नाही. तशा खिळवलेल्या पटलावरचे आकडे त्यांनी घेतले आणि मोकळ्या तंतूवरून उसळी किती वेगाने धावेल ते काढलं. केंब्रिजचा संगणक तेव्हा फेरबदलासाठी बंद होता, म्हणून हक्सलीने हाताने दांडा फिरवायच्या ब्रन्सविगा यंत्रावर पायरी पायरीने गणित केलं. काही मिलिसेकंदांच्या उसळीला तासन्‌तास. उत्तर आलं सेकंदाला १८.८ मीटर, आणि खऱ्या तंतूवर मोजलेला वेग २१.२. हा वेग सूत्रं बेतताना कुठेही घातलेला नव्हता. तंतूवरून विभव कसा पसरतो आणि गळतो, त्याचं समीकरण तर जीवशास्त्राचं नव्हेच. ते विल्यम थॉम्सनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८५५च्या सुमारास समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलसाठी मांडलं. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत टाकलेल्या केबलमध्ये संदेश जसजसा पुढे जाई तसतसा पसरट आणि फिका होई, तो याच हिशेबाने. आज वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या केबलांमधून प्रकाश जातो, त्यांना ते समीकरण लागत नाही. मज्जातंतूला अजून लागतं. तेव्हा बेतलेला भाग आणि नियमाचा भाग एकत्र आल्यावर, बेतताना न पाहिलेली गोष्ट बऱ्यापैकी बरोबर निघाली. याला तुम्ही नुसतं वर्णन म्हणाल?

डॉक्टर : चांगलं वर्णन म्हणेन. वर्णन काय आणि यंत्रणा काय, यात आमच्या धंद्यात जीव जातो म्हणून सांगते. महाडच्या हिंमतराव बावस्करांचं काम तुला ठाऊक असेल. कोकणातला लाल विंचू चावला की घाम, थंडगार हातपाय, चढलेलं ब्लडप्रेशर, मग फुप्फुसात पाणी. गंभीर झालेल्यांपैकी पाव ते तिसरा हिस्सा लोक दगावायचे. बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, दाब, श्वास तासातासाला टिपले, शरीरातली कुठली यंत्रणा चेकाळली आहे ते ओळखलं आणि प्राझोसिन दिलं. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परवडणारी गोळी. त्यांची टिपणं १९८२ पासून ‘लॅन्सेट’मध्ये आली, आणि मृत्यू अगदी थोड्यावर आले. विंचवाचं विष सोडियमच्या चॅनेलांवर बसतं, म्हणजे हा तुझ्याच प्रांतातला रोग. पण उपाय सापडला तो पटलाचा विभव न काढता.

गणिती : उपाय तसा सापडला, वादच नाही. पण त्याच विंचवाने माझी बाजू दोनदा सावरली आहे. हॉजकिन-हक्सलींनी सोडियमसाठी दोन राशी घेतल्या, चॅनेल उघडणारी ‘एम’ आणि अडसर घालणारी ‘एच’. तुम्ही म्हणाल, वक्र जुळवायला केलेली सोय. पुढे विंचवांच्या विषातली काही प्रथिनं अशी निघाली की ती चॅनेल उघडू देतात, पण अडसर पडायला उशीर लावतात. कागदावर दोन वेगळी केलेली कामं निसर्गातल्या एका विषाने प्रत्यक्षात वेगळी करून दाखवली. दुसरी गोष्ट थेट कोकणची. लाल विंचवाच्याच विषातून १९९० मध्ये आयबेरिओटॉक्सिन वेगळं काढलं गेलं. ते फक्त एका जातीची पोटॅशियम चॅनेलं बुजवतं, कॅल्शियम वाढलं की उघडणारी ती मोठी ‘बीके’ चॅनेलं. आणि मूत्राशयाच्या स्नायूपेशीत उसळी आली की तिला खाली ओढण्यात मोठा वाटा याच चॅनेलांचा. ती बुजवली की उसळी उंच आणि लांब होते. माझ्या रेघेतून मी ‘बीके’ काढून टाकलं तर तसंच व्हायला हवं. झालं नाही, तर मॉडेल फेकायचं. म्हणजे तुमच्या बोरिवलीच्या बाईचा प्रश्न, महाडचा विंचू आणि माझा लॅपटॉप एकाच चॅनेलपाशी येतात.

डॉक्टर : छान गुंफलंस. पण ‘एम’ आणि ‘एच’ एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, असं त्या सूत्रात गृहीत धरलंय ना? ते चूक निघालं. सत्तरच्या दशकात आर्मस्ट्राँग आणि बेझानिया यांच्या कामातून दिसलं की अडसर हा उघडण्याच्या क्रियेला बांधलेला आहे, चॅनेल उघडायला लागल्याशिवाय तो धड पडतच नाही. म्हणजे यंत्रणा चूक आणि वक्र बरोबर. मला भीती याचीच वाटते. चूक गृहीतावरून बरोबर चित्र निघत असेल, तर चित्र बरोबर आल्याचा पुरावा म्हणून भाव काय उरला? त्या चौथ्या घाताचंही तेच. पोटॅशियमचं चॅनेल चार तुकड्यांचं असतं हे पुढे कळलं, मॅकिनन यांनी १९९८ मध्ये तशा एका चॅनेलची रचनाच उलगडून दाखवली, आणि लोक म्हणाले, पाहा, चौथा घात कसा आधीच कळला होता! कळला कुठे होता? कंटाळून चारवर थांबले होते. पाचवर थांबले असते तर तुम्ही आज पाचचंही समर्थन शोधून काढलं असतं.

आता यापुढचं ऐक. ईव्ह मार्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेकडे-शेवंडांच्या जठराची लय चालवणाऱ्या छोट्याशा मज्जाजालाचं मॉडेल घेतलं आणि आकडे बदलत बदलत २ कोटींहून जास्त जुळण्या चालवून पाहिल्या. तो निबंध २००४चा. साडेचार लाखांवर जुळण्यांनी खऱ्या जनावरासारखीच लय दिली, आणि त्यातल्या कित्येक एकमेकींपासून फार दूरच्या होत्या. कुणात हे चॅनेल भरपूर आणि ते थोडं, कुणात बरोबर उलट. रेघ तीच. याच गटाने त्याआधी, २००२ मध्ये, दाखवलं होतं की सारख्या वागणाऱ्या पेशींचे आकडे घेऊन सरासरी काढली तर ती सरासरी पेशी भलतंच काहीतरी करते. पवई तलावाला कुणी डावीकडून वळसा घालतो, कुणी उजवीकडून, दोघेही पोचतात. दोघांच्या वाटांची सरासरी काढलीस तर माणूस तलावात, आणि त्या तलावात मगरी आहेत. तुझ्या मॉडेलमधला प्रत्येक आकडा हा कुठल्या तरी वीस-पंचवीस पेशींच्या मोजमापाची सरासरी असतो. मग तुझी पेशी राहते कुठे? तिचा पत्ता काय?

(लेखकाने मध्ये तोंड घालू नये हे खरं, पण मॉडेलांच्या बाजूचं बरंचसं लिखाण या प्रश्नाला हळूच बगल देऊन पुढे जातं, म्हणून इथे थोडं थांबावंसं वाटतं. डॉक्टरांची ही हरकत पुढच्या उत्तराने मिटत नाही. मात्र तिचं रूप बदलतं.)

गणिती : एकाच पेशीचा पत्ता मागाल तर नाही माझ्याकडे. पण विविधता दिसली की प्रत्येक वेळी वेगवेगळे आकडे आहेत असंच मानायचं, हीही घाई होईल. पवईचंच काम सांगतो. आयआयटीत रोहित मनचंदांच्या प्रयोगशाळेत मूत्राशयाच्या स्नायूंवर वर्षानुवर्षं हेच चाललंय. ते कादंबऱ्याही लिहितात, त्यावरून टोमणा मारायचा असेल तर आत्ताच मारून घ्या. मूत्राशयाच्या स्नायूत बारीक काचेचा इलेक्ट्रोड टोचला की उसळ्यांचे आकार नाना तऱ्हेचे दिसतात. काही टोकदार, काही बसक्या, काही हळू चढणाऱ्या. तुम्ही म्हणाल पेशीच वेगवेगळ्या. असतीलही. पण या पेशी सुट्या नसतात, शेजारणींशी सूक्ष्म जोडांनी जोडलेल्या असतात आणि विद्युतप्रवाह त्या जोडांतून गळत राहतो. शैलेश अप्पुकुट्टन, कीथ ब्रेन आणि मनचंदा यांनी अशा जाळ्याचं मॉडेल केलं. सगळ्या पेशी हुबेहूब सारख्या ठेवल्या, तरी उसळी जाळ्यात कुठे उगम पावली आणि आपण कुठल्या पेशीत बघतोय, एवढ्यानेच आकार बदलतो. मग २०१८ मध्ये चितरंजन महापात्रा, ब्रेन आणि मनचंदा यांनी एकट्या पेशीच्या उसळीचं मॉडेल मांडलं, उंदराच्या पेशीवर प्रत्यक्ष मोजलेल्या प्रवाहांच्या चौकटीत बसवलेलं. दोन्ही एकत्र वाचली की प्रश्न असा होतो : दिसणाऱ्या विविधतेतली किती पेशीची आणि किती शेजाराची? हा प्रश्न इलेक्ट्रोड हातात घेऊन विचारता येत नाही, कारण पेशी शेजारातून सोडवली की शेजार गेला, आणि तिथेच ठेवली की पेशी एकटी मिळत नाही. कागदावर मात्र दोन्ही करता येतं.

आणि मार्डर यांच्या कामाचा मी उलटा अर्थ लावतो. साडेचार लाख जुळण्या चालल्या, पण दीड कोटीहून जास्त चालल्याच नाहीत. न चालणाऱ्यांची यादी ही माहितीच आहे. हृदयाचंच घ्या. सिसाप्राइड पोटाच्या तक्रारींसाठी सर्रास दिलं जायचं. ते हृदयाच्या पेशीतलं ‘हर्ग’ नावाचं पोटॅशियम चॅनेल बुजवतं आणि क्वचित कुणाची लय जीवघेणी बिघडते. अमेरिकेत ते २००० मध्ये बाजारातून गेलं, आपल्याकडे बंदी २०११ मध्ये आली. त्यानंतर नवं औषध ‘हर्ग’ला चिकटलं की लाल शेरा, असा शिरस्ता पडला. पण व्हेरापामिलही ‘हर्ग’ बुजवतं आणि त्याने हा धोका सहसा होत नाही, कारण ते त्याच वेळी कॅल्शियमचं चॅनेलही अडवतं. एका चॅनेलकडे बघून हे कळत नाही. सगळ्या प्रवाहांची बेरीज करावी लागते, आणि ती बेरीज म्हणजेच मॉडेल. म्हणून २०१३ पासून अमेरिकेच्या औषध नियामकांच्या पुढाकाराने हृदयपेशीचं मॉडेल औषधांच्या सुरक्षिततेच्या तपासणीत आणलं गेलं.

डॉक्टर : हृदयाच्या बाबतीत मी माघार घेते, थोडी. डेनिस नोबल यांचं पहिलं मॉडेल १९६०चं. तेव्हापासून इतक्या लोकांनी ते चुकीचं ठरवून ठरवून सुधारलंय की आता त्यावर काही तोलून बघता येतं. मूत्राशयाच्या मॉडेलला अजून तेवढा मार बसलेला नाही. त्यात उंदराचे आकडे, ते न मिळाले की गिनीपिगचे, तेही नाहीत तर दुसऱ्याच कुठल्या स्नायूचे. माणसाचे सर्वांत कमी, कारण माणसाचा तुकडा ऑपरेशन होतं तेव्हाच मिळतो, आणि ऑपरेशन होतं ते बिघडलेल्या मूत्राशयाचं. या उसनवारीचा तक्ता दरवेळी रेघेशेजारी छापलास तर माझा अर्धा राग जाईल. तेच चॅनेल दुसरीकडे काय करतं हेही धड ठाऊक नसतं. रेटिगाबीन फिटचं औषध म्हणून आलं, मेंदूतली एका जातीची पोटॅशियम चॅनेलं उघडी ठेवणारं. काही रोग्यांची लघवीच अडली. तीच चॅनेलं मूत्राशयातही होती. २०१७ मध्ये ते बाजारातून गेलं, त्याला इतर कारणंही होती. पण लघवी अडते हे कुणा मॉडेलने आधी सांगितलं नव्हतं, रोग्यांनी सांगितलं.

गणिती : तक्ता छापतो, त्यात लाज कसली. त्यापुढेही जाता येतं. उसना आकडा दुप्पट केला, निम्मा केला, तर रेघ कितपत हलते ते दाखवता येतं. ज्याने हलतच नाही तो उसना असला काय नि नसला काय. ज्याने कोसळते तो आधी मोजा, असं प्रयोगवाल्यांना सांगता येतं. मॉडेल उत्तर देवो न देवो, पुढचा इलेक्ट्रोड कुठे टोचायचा हे तरी सांगतं.

डॉक्टर : हे पटलं. पण आता माझा पहिला प्रश्न. ती बाई उसळ्या घेऊन येत नाही माझ्याकडे, कळ घेऊन येते. मूत्राशयात नळी घालून युरोडायनॅमिक तपासणी केली तर मला दाब कळतो, विभव नाही. विभव आणि दाब यांच्यामध्ये कॅल्शियम, स्नायूचं आकुंचन, नसा, मणका. आणि कळ तर मेंदूत. काही बायकांची घाई भयंकर असते आणि तपासणीत स्नायू शांत. तुझी रेघ अगदी खरी निघाली तरी ती या जिन्याच्या पहिल्या पायरीवर आहे.

गणिती : पायरी पहिलीच, पण कदाचित तुम्ही समजता त्याहून जास्त ठिकाणी तीच पायरी आहे. ती बाई पाणी पीत नाही म्हणालात. मग लघवी दाट होते. रक्तात पोटॅशियम ४, लघवीत त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त. मूत्राशयाच्या आतलं अस्तर ते अडवतं. ते अस्तर कुठे झिजलं असेल आणि पोटॅशियम खालच्या नसांच्या टोकांपर्यंत झिरपत असेल, तर तिथला विभव वर सरकणार, म्हणजे शहाळ्याचंच गणित, जागा वेगळी. उसळी स्नायूत शोधत बसलो आणि घाईचं मूळ नसेत निघालं, असंही होईल. म्हणजे प्रवासाला घाबरून पाणी पिणं सोडणं हेच एखादीच्या बाबतीत कारण असू शकतं. झिरपा एवढा असेल तर विभव एवढा सरकेल, हे मी आजच काढून देतो.

डॉक्टर : हा अंदाज जुना आहे. पार्सन्स नावाच्या युरॉलॉजिस्टने त्यावरून चाचणीच काढली होती, मूत्राशयात पोटॅशियमचं पाणी सोडायचं आणि दुखतं का विचारायचं. ज्यांना मूत्राशय दुखण्याचा तो आजार होता त्यातल्या काहींना दुखायचं नाही, दुसराच आजार असलेल्या काहींना दुखायचं. आता तिची शिफारस करत नाहीत. पाणी पुरेसं प्या, हे मी तुझ्या गणिताशिवायही सांगते, आणि त्या बायका माझ्याकडे बघून हसतात, कारण आठ वाजून पाच मिनिटांच्या फास्टमध्ये मी त्यांच्याबरोबर नसते. पण समज, तुझं म्हणणं धरून चालू. झिरपा किती, हा आकडा तुला लागणार. जिवंत बाईत तो मोजायचा म्हणजे तिच्या मूत्राशयात पोटॅशियम सोडायचं. ती कळवळेल. सोडशील?

गणिती : नाही. तो आकडा मोकळा ठेवीन. शंभर वेगवेगळे झिरपे धरीन, शंभर वेगवेगळ्या नसा, आणि कुठल्या जुळण्यांत नुसतं पाणी वाढवून घाई कमी होते आणि कुठल्यांत काही केल्या होत नाही, ते वेगळं काढीन.

डॉक्टर : आणि समोर बसलेली बाई त्या शंभरातली कितवी?

गणिती : ते तिला आठवडाभर पाणी पाजून कळेल. घाई कमी झाली तर निम्म्या जुळण्या बाद, नाही झाली तर उरलेल्या निम्म्या.

डॉक्टर : पाजायचं कुठे, बोरिवली की चर्चगेट? मधल्या तासाभराचं काय ते तुझ्या गणितात धर, मग तिला सांगते.